एक टकटक म्हणजे पुरे

चाळीस वर्षं ओरेस्टनं मला
तळघरातल्या भट्टीला हात लावू दिला नाही.
"तुझ्या हाताला घाई आहे," म्हणायचा,
"आणि हा कोळसा घाईचा नाही."
मी वर पिठात, तो खाली राखेत.
असा संसार.

ऑक्टोबरात त्याचं उजवं अंग गेलं,
अंगापाठोपाठ शब्द.
उरला डावा हात, आणि त्या हातात
सुपाचा चमचा.
पलंग आम्ही पुढच्या खोलीत आणला,
जिथं जमिनीतल्या जाळीतून ऊब वर येते
आणि खालचा खडखडाटही.

पहिल्याच आठवड्यात मी दोनदा विझवली.
लाकडाच्या जाळासारखी ढोसली वरून सळईनं.
हा दगडी कोळसा, इथल्याच डोंगराच्या पोटातला,
याला ढोसलेलं खपत नाही.
एकदा रुसला की तासाभरात काळाठिक्कर.
मग कागद, ढलप्या, पुन्हा पहिल्यापासून,
माझं तोंड काजळीनं माखलेलं,
आणि वर तो तीन रजयांखाली
भिंतीकडे तोंड करून.

मग त्यानं चमच्याची भाषा काढली.
पाइपावर एक टकटक: पुरे.
दोन: अजून हलव.
तीन: खालची झडप लाव.
आणि नुसताच सुटलेला ठणठणाट, त्याला अर्थ नव्हता,
किंवा होता, तो मला लग्नापासून ठाऊक होता.

अशी शिकले मी.
दांडा लहान लहान झटक्यांनी हलवायचा, वासराला थोपटावं तसा,
राख पडू द्यायची, निखारा नाही.
राखेच्या कप्प्यात लाल उजेड पाझरला की थांबायचं.
कोळसा मागच्या भिंतीशी उतरता रचायचा,
पुढं एक कोपरा उघडा ठेवायचा, धगधगता,
सगळं झाकून टाकायचं नाही.
त्या कोपऱ्यावरून निळ्या जिभा उठतात,
नव्या काळ्या ढिगावर नाचत जातात.
त्या येईस्तोवर दार सोडून हलायचं नाही.
त्या आल्या नाहीत तर साठलेला वायू
भडका होऊन भट्टीचं दार उघडतो,
आणि भुवया जातात.
माझी डावी गेली होती. आली परत, पांढरी.

लॅरिसाचा फिनिक्सहून फोन.
तिकडं जानेवारीत पंखा लावतात.
"आई, गॅस घे. बटण दाबलं की झालं.
पैसे मी भरते."
मी म्हटलं, बघू वसंतात.
साडेतीन टन कोळसा नुकताच पन्हळीतून
गडगडत खाली उतरला होता,
आणि त्या आवाजानं ओरेस्ट
महिन्यात पहिल्यांदा हसला होता,
अर्ध्या तोंडानं.

सहा जानेवारी, आमच्या नाताळची आदली रात्र.
बारा पदार्थांपैकी मी पाचच केले.
बाहेर उणे एकोणीस.
दांडा हलवायला घेतला, आठ झटके झाले नसतील,
आणि वरून: टक.
पुरे.
वाकून पाहिलं. राखेचा कप्पा अंधारा.
उजेडाचा ठिपका नाही.
इथं थांबले तर पहाटेपर्यंत राखेत गुदमरून जाईल.
वाट पाहिली. दुसरी टकटक येईना.

त्याचे कान कधी चुकले नव्हते.
घरातल्या घड्याळाला तो चुकीचं ठरवायचा,
पाद्र्याच्या गाण्याला सुद्धा.

मी दांड्याला ओलं पोतं गुंडाळलं.
गुडघ्यावर बसले,
आणि बोट बोट सरकवत,
चोरानं कडी काढावी तशी
उरलेली राख पाडली.
बराच वेळ लागला.
घाई नव्हती हाताला.
लाल उजेड आला, माझ्या पायमोज्यांवर पडला.

वर गेले. तो जागा.
डोळ्यांनी विचारलं.
"तू म्हणालास तिथंच थांबले," मी म्हटलं.
त्यानं चमचा उशीखाली ठेवला,
नीट, उद्यासाठी.

सकाळी गार झालेली राख बादलीत भरून
मी पुढच्या पायऱ्यांवर पसरली,
बर्फावर, फाटकापर्यंत,
टपालवाली ट्रूडी गेल्या वर्षी तिथंच घसरली होती.
मागं वळून पाहिलं तर
पांढऱ्यावर एक करडी वाट,
आणि तिच्यावर
माझ्याच बुटांचे ठसे,
त्याच्या जुन्या बुटांचे.